डावी बाजू लेकींची

आमच्या घरी भाऊबीजेच्या जेवणाचा एक कायदा आहे. ताटाची उजवी बाजू सुनेची, डावी बाजू लेकींची. भाजी, आमटी, पुरी, श्रीखंड, म्हणजे ज्यानं पोट भरतं ते सगळं भावजयीनं रांधायचं आणि तिनंच वाढायचं. चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे ज्यावरून भांडणं होतात ते सगळं लेकींनी आपापल्या सासरहून करून आणायचं आणि आपल्या हातानं वाढायचं. डावी बाजू पुरी झाल्याशिवाय उजवीकडे भाताचं शीतही पडत नाही. त्यामुळे भावजयीची आमटी दरवर्षी तीनदा गरम होते.

हा कायदा कुठल्या पोथीत नाही, आणि डहाणूच्या आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्या घरातही नाही. मी विचारून पाहिलंय. तो आईनं केला, थोरली लग्न होऊन गुजरातच्या हद्दीवरच्या वेवजीला गेली त्या वर्षी. आईचं म्हणणं असं, की सासरी गेलेल्या मुलीला काहीही विचारा, ती "छान चाललंय" एवढंच सांगते. तिच्या हातचं खाल्लं की खरं काय ते कळतं. म्हणून जिथं दिली तिथली चव घेऊन या. आई पंक्तीला बसली, की आधी डावीकडचं एकेक बोटभर चाखते. एखादं बिनसलेलं लागलं, तर जिनं आणलं तिच्याकडे बघते आणि एकच प्रश्न विचारते, "तिकडं बरं आहे ना गो?"

या पद्धतीवर आईचा इतका विश्वास का, तर ती एकदा खरी ठरली. थोरलीचा छुंदा, म्हणजे किसलेल्या कैरीचं ते गुजराती गोड लोणचं, एका वर्षी असा खारट झाला होता की जिभेला झिणझिण्या आल्या. आईनं विचारलं, "तिकडं बरं आहे ना गो?" थोरली म्हणाली, "एकदम मजेत." आईनं भावाला दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून वेवजीला पाठवलं. तो दोन तास बसून आला आणि त्यानं आतली बातमी आणली. थोरलीचं आणि तिच्या सासूबाईंचं दोन महिने बोलणं बंद होतं. छुंद्यात दोघींनी आपापल्या वेळी मीठ घातलं होतं, कारण एकमेकींना विचारणार कोण?

त्यानंतर आई स्वतःला जवळजवळ डॉक्टर समजू लागली. धाकटी नाशिकला दिली आहे. तिची कारळ्याची चटणी एकदा करपलेली लागली, तर आईनं नाशिकला तीन दिवस रोज फोन केला, शेवटी थेट जावयालाच विचारलं, "तुम्ही तिला त्रास देत नाही ना?" जावई सहा महिने आमच्याकडे फिरकले नाहीत. कारळं करपलं होतं ते धाकटी भाजता भाजता फोनवर बोलत बसली म्हणून, आणि फोन होता आईचाच. पण ही केस आई मोजत नाही.

दोघी बहिणींना तो प्रश्न मुळीच आवडत नाही. आईची नजर वळली की थोरली म्हणते, "झालं सुरू," आणि धाकटी डोळे फिरवते. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना असं पोरांदेखत, जावयांदेखत विचारायचं म्हणजे काय, असं दोघी मागच्या ओट्यावर पाय पसरून मला सांगतात. मी ऐकून घेते.

मी मधली. माझं लग्न झालेलं नाही. का नाही, ते विचारायची मुदत कधीच संपली, आणि ज्यांनी मुदतीत विचारलं त्यांना मी काय उत्तरं दिली ते त्यांनाच विचारा. सव्वीस वर्षं मी सायवनच्या पुढं एका पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी एसटीनं चारोटी, तिथून जीपनं सायवन, पुढं पायी. संध्याकाळी उलट. म्हणजे मी रोज घर सोडून जाते आणि रोज परत येते. पण कायद्याच्या दृष्टीनं हे जाणं धरत नाहीत. लेक म्हणजे जी गेली आणि पाहुणी म्हणून आली ती. सून म्हणजे जी आली आणि राहिली ती. मी दोन्हींत बसत नाही. म्हणून मला मीठ दिलंय.

मीठ आणि लिंबाची फोड. ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढतात, त्यामुळे पंक्तीत सगळ्यांत आधी मी फिरते, चिमूटचिमूट ठेवत जाते, आणि मग दारापाशी उभी राहते. "मिठाशिवाय जेवणाला चव आहे का?" असं मला दरवर्षी कुणी ना कुणी सांगतं. असं सांगणाऱ्याच्या हातात हमखास श्रीखंडाची वाटी असते.

एकदा मी आईला म्हटलं होतं, "मी नारळाची चटणी करू का?" कारण आमच्या ताटातली सगळ्यांत मोठी विनोदाची गोष्ट हीच आहे. वाडीत चिकूच्या मध्ये मध्ये माड उभे, रोजच्या जेवणात आमच्याकडे नारळाशिवाय पान हलत नाही, कोशिंबिरीतही ओलं खोबरं. आणि भाऊबीजेच्या ताटात नारळाची चटणी नाही. कशी असणार? आमच्या घरची चव आणायला आमच्याच घरात कुणाला दिलेलं नाही.

आई म्हणाली, "नको. इथलं मला माहीत आहे."

एवढंच म्हणाली. मी मिठाची वाटी उचलली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, ते आजतागायत.

बाकी डाव्या बाजूची लढाई बघण्यासारखी असते. थोरलीची पिशवी वेवजीहून येते ती चालत येत नाही, दोघं धरून आणतात. छुंदा, कोबी-गाजराचा संभारो, राई भरलेल्या मिरच्या, आणि ढोकळा. ढोकळा आला त्या पहिल्या वर्षी मोठाच पेच पडला होता. हा डावीकडे वाढायचा की उजवीकडे? डावीकडे म्हणावा तर त्याच्यानं पोट भरतं. उजवीकडे म्हणावा तर तो भावजयीचा होतो, आणि थोरली तो सोडायला तयार नव्हती. वेवजीचे भाऊजी उंबरगावला कारखान्यात असतात, त्यांची अर्धी भाषा तिकडची. ते म्हणाले, "अरे, फरसाण तर फरसाण छे, साइडचा प्रश्नच नाय." पण आमच्याकडे साइडचाच प्रश्न असतो. शेवटी आईनं निकाल दिला, की ढोकळा वरती मधोमध, मिठाच्या शेजारी ठेवावा. तेव्हापासून माझ्या मिठाला ढोकळ्याचं पाणी लागतं. मी तक्रार केली, पण ती कुणी लिहून घेतली नाही.

धाकटी नाशिकहून कारळ्याची चटणी, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा आणते आणि पिशवी उघडतानाच जाहीर करते, की खरी मराठी चव घाटावरच आहे, तुमच्याकडे सगळं गोडमिट्ट. हे ती थोरलीच्या संभारोकडे बघत म्हणते. थोरली म्हणते, आमच्या बा, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणतात, ज्यांना चव करता येत नाही ते तिखट करतात. मग काकडीची कोशिंबीर मध्ये येते. धाकटीला त्यात दाण्याचं कूट हवं, थोरलीला साखर आणि मोहरी, आणि दही घालायचं की नाही यावर दोघी एका वर्षी इतक्या पेटल्या, की दोन कोशिंबिरी झाल्या. आता दोनच होतात. एकच काकडी, दोन वाट्या. पोरं दोन्हींना हात लावत नाहीत, पण दोन्ही आयांना सांगतात की तुझी छान झाली होती.

शिवाय कष्टांची स्पर्धा. डाव्या बाजूला सोपी गोष्ट आणली तर तिला किंमत नसते. छुंदा पंधरा दिवस उन्हात ठेवावा लागतो, हे थोरली दर पाच मिनिटांनी सांगते. धाकटी म्हणते, मी चटणी पाट्यावरच वाटते. तिच्या पाट्याला प्लग आहे हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटी धाकटी ताटाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते, 'माहेरची डावी बाजू' असं खाली लिहून. फोटो ती असा कापते की संभारो अर्धाच येतो. मीठ तर येतच नाही.

मी हे सगळं हसत सांगते आहे, कारण रोज हसल्याशिवाय चारोटीच्या नाक्यावर तासभर जीपची वाट बघता येत नाही. पण मला राग येत होता, आणि मागच्या भाऊबीजेला तो बाहेर आला. आला तो करांद्यांच्या रूपानं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी आहेत. वयानं माझ्याहून लहान, पण शाळेत शिजवणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. मी त्या पाड्यावर रुजू झाले तेव्हा त्यांचंच लग्न नुकतं झालेलं, आणि पहिल्या दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी त्या मला घरी जेवायला घेऊन गेल्या. पानावर भात, उकडलेली चवळी, काकडी आणि उकडलेले करांदे. करांदा हा रानात वेलीला लागणारा कंद. बाहेरून ओबडधोबड, आतून पिवळट. पान समोर आलं आणि मी सवयीनं डावी बाजू शोधू लागले. हात तसाच अधांतरी. मावशी बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाई, काय शोधतास? जे हाताजवळ हाय ते खा."

मी जेवले. इतकी वर्षं दर दिवाळीनंतर मी तिथं जेवते. दुपारच्या सुट्टीत मुलांबरोबर खिचडी आणि मावशींच्या डब्यातलं काहीतरी, हे माझं रोजचं जेवण. घरी कुणाला ते ठाऊक नाही. सकाळी मी पोळी-भाजीचा डबा घेऊन निघते आणि संध्याकाळी तो रिकामा परत आणते, त्यामुळे कुणाला काही विचारायचं कारण पडत नाही. डबा मुलं खातात.

गेल्या गणपतीपासून आमच्या शाळेवर सावट होतं. पट कमी झाला होता. पुढच्या वर्षी ही शाळा पलीकडच्या गावच्या मोठ्या शाळेत मिळवणार, असं शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत कानावर आलं होतं. मुलांना ओहळ ओलांडून जावं लागणार, मावशींचं काम सुटणार आणि माझी बदली होणार, कुठं ते माहीत नाही. सव्वीस वर्षं एका वर्गात उभी राहिलेली बाई निवृत्तीला चार वर्षं उरली असताना दुसऱ्या वर्गात जाऊन काय करणार, या विचारानं मला जीपमध्ये बसल्या बसल्या रडू यायचं. खोटं कशाला सांगू, यायचं. शेजारच्या बायकांना वाटायचं, धूळ गेली डोळ्यात.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडाला कुलूप नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण आपण होऊन सांगायला काहीतरी निमित्त लागतं, आणि माझ्यासाठी त्या घरात निमित्त ठेवलेलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "मला करांदे द्या. घरी भाऊबीजेला वाढायचेत."

मावशी खूश झाल्या. "गोडं देते. उकडलं का झालं."

"कडू असतात ना? ते द्या."

"कडू कशाला, बाई? त्याचं काम मोठं हाय. तुमाला नाय जमायचं."

हे "नाय जमायचं" ऐकलं आणि माझा निर्णय पक्का झाला. आता सांगायला लाज वाटते, पण मला कडूच हवे होते. नुसते उकडले की झाले, असली वस्तू घेऊन मी छुंद्याच्या पंधरा दिवसांसमोर कशी उभी राहणार? माझ्या पदार्थालाही काहीतरी खस्ता पाहिजेत. इतकी वर्षं त्या दोघींना हसले आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याच ओळीत जाऊन उभी राहिले.

मावशींनी दिले, आणि कृती तीनदा सांगितली. "सोलून चकत्या कराच्या. राखेच्या पाण्यात उकडाच्या. मंग टोपलीत भरून रातभर ओहळात ठेवाच्या. वाहत्या पाण्यात, बाई. थांबल्या पाण्यात नाय. पानी थांबला तं कडू थांबला. सकाळी परत उकडाच्या. वर काय नाय घालाचं. मीठ ताटातलं, लावून खायाचं."

हे शेवटचं मला फार आवडलं. मीठ ताटातलं.

आता आमच्या वाडीत ओहळ कुठून आणायचा? समुद्र आहे, पण समुद्रात करांदे ठेवणारी बाई अजून जन्माला यायची आहे. मी डोकं चालवलं. चिकूला पाणी द्यायला विहिरीवर मोटर आहे, तिचं पाणी आधी एका हौदात पडतं आणि पुढं पाटानं जातं. त्या आठवड्यात शेतीच्या लाइनीला वीज रात्रपाळीची होती. म्हणजे रात्रभर मोटर, रात्रभर वाहतं पाणी. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी मी उकडलेल्या चकत्या टोपलीत भरल्या आणि टोपली बरोबर पाइपाच्या तोंडाखाली ठेवली. पाणी धो धो पडत होतं. मावशींच्या ओहळाची काय बिशाद, असं मला वाटलं.

सकाळी जाऊन बघते तो हौद शांत. विजेची पाळी रात्रीत कधीतरी बदलली होती. टोपली थांबलेल्या पाण्यात बसली होती, वर चिकूची चार पानं तरंगत होती आणि कडेला एक बेडूक बसून माझ्याकडे बघत होता. भाऊ मोटर बघायला आला. टोपली बघून म्हणाला, "ताई, हे काय?" मी म्हटलं, "डावी बाजू." तो मोटरकडे वळला.

एक चकती चाखली. बरी लागली. दुसरीही बरी लागली. तिसरी चाखायचं मी टाळलं. शहाण्या माणसानं टोपली तिथंच चिकूच्या आळ्यात पालथी केली असती. मी पुन्हा उकडायला ठेवली. आता मागं फिरायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

पंक्त बसली. आई, भाऊ, दोन्ही जावई, पोरं. आम्ही बायका नेहमीप्रमाणे नंतर. मी मीठ वाढलं, लिंबू वाढलं, थोरलीनं ढोकळा माझ्या मिठाला टेकवला. छुंदा झाला, संभारो झाला, मिरच्या, चटण्या, ठेचा, दोन कोशिंबिरी. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि करांद्यांचं भांडं घेऊन बाहेर आले.

"हे काय?" थोरली म्हणाली.

"सायवनचं."

"सायवनला कोण आहे आपलं?"

"मी," मी म्हटलं आणि वाढू लागले.

धाकटीनं भांड्यात वाकून पाहिलं. "अगं ताई, हे तर करांदे. आपल्याकडे चिकू तोडायला येतात ते फडक्यात बांधून आणतात ते. सणाच्या ताटात?"

"तोडायला येतात ते त्याच बाजूचे," मी म्हटलं. "आणि थोरलीच्या छुंद्याची कैरी दरवर्षी वाडीतून जाते ना, तीही तेच उतरवतात. तिला कुणी विचारलं नाही, सणाच्या ताटात कशी आलीस म्हणून."

भावजय तोंडाला पदर लावून आमटी चौथ्यांदा गरम करायला गेली. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं.

मग सगळ्यांनी करांदा तोंडात घातला. भाचा उठून थेट मोरीवर गेला. नाशिकचे जावई म्हणाले, "कडू पदार्थ रक्ताला चांगले असतात," आणि आपली चकती त्यांनी ढोकळ्याखाली सरकवली. वेवजीच्या भाऊजींनी डोळे मिटून गिळली. "सरस छे," ते म्हणाले. "थोडी दवा जेवी, औषधासारखी लागते, पण सरस." भाऊ हसत सुटला. "मोटर बंद पडली रात्री," तो सगळ्यांना सांगू लागला, "आणि ही हौदावर..." थोरली आणि धाकटी एकमेकींकडे बघत होत्या. दोघींचं इतकं एकमत मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. धाकटीचा फोन हातात होता आणि मला स्वच्छ दिसत होतं, की या वर्षी फोटोत करांदे कापले जाणार नाहीत.

मी दारापाशी जाऊन उभी राहिले. कान तापले होते. सव्वीस वर्षांत एकदा काहीतरी घेऊन आले, आणि तेही लोक ढोकळ्याखाली लपवत होते. मावशी म्हणाल्या होत्या, गोडे न्या. गोडे आणले असते तर आज कुणाला काही बोलता आलं नसतं. माझ्याच तोऱ्यामुळे मावशींच्या घरच्या खाण्याचं हसं झालं, याचं मला सगळ्यांत वाईट वाटलं.

आई अजून चावत होती.

तिला दात मोजकेच, त्यामुळे तिला वेळ लागतो. पण ती थुंकली नाही, पाणीही प्याली नाही. ती घास सावकाश चावत होती आणि एकेक जण बोलायचा थांबला, कारण डाव्या बाजूचा निकाल अजून लागायचा होता. तिनं दुसरी चकती घेतली, मिठाला लावली आणि तीही खाल्ली.

"पाणी वाहतं नव्हतं," आई म्हणाली.

मी म्हटलं, "मोटर थांबली."

"हं. नाहीतर कडवाश जाते. मी नवी आले तेव्हा तोडणीच्या बाया द्यायच्या मला. सासूबाईंना न सांगता खायची." ती परत ताटाकडे वळली. मला वाटलं, झालं. कारण सापडलं, मोटरचं नाव निघालं, आता पुढं काही नाही. मी भांडं उचलायला वाकले.

आई ताटाकडे बघतच म्हणाली, "तू दुपारची काय जेवतेस गो तिथं?"

मी तशीच वाकलेली राहिले. "खिचडी. आणि हे असलं."

"आणि डबा?"

"मुलं खातात."

आईनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. थोरलीकडे बघते तसं. धाकटीकडे बघते तसं. "तिकडं बरं आहे ना गो?"

या प्रश्नावर डोळे कसे फिरवायचे, ते मी इतकी वर्षं दोघींचं पाहत आले होते. मला ते करता आलं नाही. करांदे कडू का झाले, हे आईला माहीत होतं. मोटर बंद पडली म्हणून कडू झाले. तरी तिनं विचारलं होतं. "एकदम मजेत" असं म्हणायचं असतं, तेही मला ठाऊक होतं.

"नाही, आई," मी म्हटलं. "बरं नाही. शाळा बंद होणारे आमची."

 भाच्यानं मोरीवरून विचारलं, "कुठली शाळा?" त्याला त्याच्या आईनं गप्प केलं. मी सगळं सांगितलं. पटाचं, ओहळाचं, मावशींच्या कामाचं, बदलीचं, आणि जीपमध्ये रडते तेही. भांडं हातातच होतं.  भाऊ म्हणाला, "ताई, कधीपासून?" मी म्हटलं, "गणपतीपासून." आपल्याच घरात इतके दिवस, असं काहीतरी तो पुटपुटला. "मला कुणी विचारलं नाही" हे वाक्य मी किती वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. ते त्या वेळी तोंडाशी आलंच नाही.

"बस इथं," आई म्हणाली आणि शेजारची जागा हातानं पुसली. "पंक्त झाल्यावर बसेन" असं मी म्हणत होते, पण आईनं ऐकलं नाही. "ताट आणा गो हिचं."

भावजयीनं ताट आणून ठेवलं. ते रिकामं होतं आणि मी सवयीनं मिठाची वाटी शोधू लागले. वाटी थोरलीच्या हातात होती. ती वाकली, माझ्या ताटात मीठ वाढलं, आणि धाकटीनं शेजारी लिंबाची फोड ठेवली. थोरलीला सवय नसल्यामुळे मीठ जरा जास्तच पडलं. मी ते सगळं करांद्याला लावून खाल्लं.